वाफेचं वजन करणारे इनायतचाचा

सकाळचे अकरा वाजले की आमच्या दवाखान्यातल्या औषधाच्या खोलीचा पंखा बंद व्हायचा. मे महिना असो, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असोत, बाहेर ओट्यावर तीसचाळीस माणसं खोकत बसलेली असोत. दार लोटलं जायचं, खिडक्या मिटायच्या आणि आतून आवाज यायचा, "बाई, आता अर्धा तास जरा बेतानं. दार जोरात लावू नका, शिंकायचं असलं तर ओट्यावर जाऊन शिंका."

हा आवाज इनायतचाचांचा. ते आमचे कंपौंडर. आत ते काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर बसून वजन करत असायचे. कशाचं, तर वाफेचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे कुणी सांगितलं तेव्हा मी हसले होते.

मी मूळची तुळजापूरची. वडील शाळामास्तर. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरात बसल्यावर उस्मानाबादच्या एका धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात मला कारकुनाची जागा मिळाली. पेशंटची कार्डं लिहायची, फायली लावायच्या, पत्रं टाइप करायची. महाराष्ट्र राज्य होऊन चारपाच वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे चार खोल्या, एक ओटा आणि डॉक्टर गोरे. पण दवाखाना चालायचा तो चाचांवर.

चाचा उंच होते, जरा पुढं वाकलेले. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा. थंडीत शेरवानी, एरवी पांढरा कोट. बारा महिने हातात छत्री. निजामाच्या काळात त्यांनी हैदराबादेला कंपौंडरीचं शिक्षण घेतलेलं. सगळं उर्दूत. राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू गेली, आणि पस्तिशीच्या या माणसाला नोकरी टिकवायची तर मराठी लिहिता यायला हवं, असा हुकूम आला. त्यांच्या बरोबरीचे काहीजण हैदराबादेला निघून गेले. चाचा गेले नाहीत. मुलीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसले. त्यामुळं त्यांचं मराठी अक्षर अखेरपर्यंत पहिलीतल्या मुलीसारखं राहिलं, गोल, मोठं, रेघेवर बसवलेलं. रजिस्टर रोज संध्याकाळी माझ्यापुढं ठेवायचे. "चूक दिसली की लाल शाई मारा, बाई. लाजू नका." मी 'ओशध' खोडून 'औषध' केलं, की ते खाली तीनदा 'औषध' लिहायचे आणि मगच घरी जायचे.

आता वाफेचं. आमच्याकडं क्षयाची एक पांढरी पावडर दिली जायची. चवीला वाईट, पोटात मळमळ उठवणारी, आणि घ्यायची ती रोज, निदान वर्षभर. आसपासच्या गावांतून, तेरहून, वाशीहून, माकणीहून माणसं महिन्यातून एकदा यायची आणि महिन्याच्या पुड्या घेऊन जायची. या पावडरीचा एक मोठा दोष होता. तिला हवा आणि ओल सोसायची नाही. ओल लागली की गोळा व्हायची, मग पिवळी, मग तपकिरी. तपकिरी झालेली पावडर म्हणजे औषध नव्हेच. पावसाळ्यात, धुरानं भरलेल्या घरात, कोनाड्यात महिनाभर ती पांढरी राहायला हवी होती. ती कशात बांधून द्यायची, हा चाचांच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला होता.

त्यांनी त्यावर एक उपाय काढला होता. हैदराबादेच्या कुठल्या तरी प्राध्यापकाकडून त्यांनी तो ऐकलेला, बाकी सगळी जुळवाजुळव त्यांची स्वतःची. काचेच्या उथळ वाट्या घ्यायच्या. प्रत्येकीत एका प्रकारचं खड्यांचं मीठ टाकायचं, हवेतलं पाणी ओढून घेणारं. चाचा त्याला 'तहानलेलं मीठ' म्हणायचे. वाटीच्या तोंडावर ज्याची परीक्षा करायची तो कागद ताणून बसवायचा आणि कडेनं वितळलेलं मेण ओतून तोंड बंद करायचं. मग वाटीचं वजन करायचं आणि ती ओल्या पेटीत ठेवायची. रॉकेलच्या डब्याचे पत्रे जोडून केलेली ती पेटी, तळाशी पाणी आणि भिजलेलं गोणपाट, वर जाळी. आमच्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत, म्हणून पावसाळा पेटीत तयार करायचा. चाचा त्या पेटीला 'आषाढ' म्हणायचे. "बाई, आषाढाचं झाकण लावलं का बघा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वाटी पुन्हा तराजूत. वजन वाढलं असेल, तर तेवढी वाफ कागदातून आत शिरली आणि मिठानं पिऊन टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. वजनं चिमट्यानं उचलायची, बोटानं कधीच नाही. एक वाटी मात्र कागदाऐवजी काचेच्या चकतीनं बंद केलेली असायची. तिचं वजन वाढायला नको. वाढलं, तर मेण चुकलं किंवा तराजू चुकला किंवा आपण चुकलो. तिला ते 'साक्षीदार' म्हणायचे. साक्षीदार वाटी केसभर जरी हलली तरी आठवडाभराचं काम ते फेकून द्यायचे. एकदा बारा दिवसांचं फेकलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" चाचा म्हणाले, "साक्षीदारच फुटला तर बाकीच्यांचं काय ऐकायचं, डॉक्टरसाब?"

मेणकागद, जिलेटीन कागद, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, सगळ्यांची परीक्षा त्यांनी केली होती. चकचकीत जिलेटीन कागदाला सगळे भुलायचे, तोच दोन दिवसांत हरला. "दिसायला काच, वागायला चाळणी," चाचा म्हणाले.

माणूस गोड होता असं मात्र नाही. वजनाच्या वेळी कुणी आत आलं तर ते अंगावर ओरडायचे. आमच्या सखूबाईला, दवाखान्याच्या आयाला, त्यांनी एकदा इतकं बोलून घेतलं की ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी चाचा तिच्या घरी गेले आणि म्हणाले, "बोललो ते बरोबर होतं. ओरडलो ते चूक होतं. चला." सखूबाई हसत परत आली. पुढंही ते ओरडायचेच.

एका चैत्रात सोलापूरकडचा एक विक्रेता आला. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा त्याच्याकडं होता. प्लास्टिक तेव्हा नवलाईचं होतं. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी स्वतः त्याला घेऊन आले होते. विक्रेत्यानं एका पिशवीत पाणी भरलं, तोंड पिरगाळलं आणि ती उलटी धरली.

"बघा साहेब, थेंब गळत नाही."

"वा!" सेक्रेटरी म्हणाले.

चाचांनी पिशवी हातात घेतली, उजेडात धरली. "पाणी भायेर येत न्हाय, हे खरं. वाफ आत जाती का?"

"वाफ कशाला जाईल? पाणी जात नाही तर वाफ कशी जाईल?"

"पाणी दांडगं असतंय. वाफ बारीक, चोराच्या चालीची," चाचा म्हणाले. "एक पिशवी ठेवून जा. बघून सांगतो."

त्यांनी प्लास्टिकचा तुकडा कापून तीन वाट्यांवर ताणला. अकरा दिवस आषाढात ठेवला. प्लास्टिकनं सगळ्यांना मागं टाकलं. वाट्यांचं वजन वाढलं, पण इतकं थोडं की चाचांनी तराजू दोनदा तपासला. साक्षीदार जागच्या जागी होता. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'प्लास्टिक पास', आणि खाली सही केली. सेक्रेटरींनी दोन वर्षं पुरतील एवढ्या पिशव्या मागवल्या.

पुड्या भरायचं काम सखूबाईचं आणि माझं. पावडर मोजून पिशवीत टाकायची, करवतीच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडायचं आणि बाहेर राहिलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरकन फिरवायची. कड वितळून चिकटायची. हजारो पुड्या आम्ही केल्या असतील.

श्रावण सरला आणि माकणीहून गयाबाई आली. तिशीची, दोन लेकरांची आई. वर्षाच्या सुरुवातीला आली तेव्हा नवऱ्यानं तिला हाताला धरून आणलं होतं. उन्हाळ्यात ती एकटी, आपल्या पायानं येऊ लागली होती. त्या दिवशी मात्र पुन्हा नवरा सोबत होता, आणि ती ओट्याच्या पायरीवरच बसून राहिली. वजन उतरलेलं. पदरावर रक्ताचा डाग.

"पुड्या घेता ना वेळेवर?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेते की."

ती खोटं बोलत होती हे चाचांना कसं कळलं कोण जाणे. ते पायरीवर तिच्यापाशी जाऊन बसले. "गयाबाई, म्या रागावनार न्हाय. पुड्या कुठायत?"

तिनं मान खाली घातली. मग पदराच्या गाठीतून एक पुडी काढली. आत पावडर नव्हती, काकवीच्या रंगाचा एक ओला खडा होता. "समद्या अशाच झाल्या. म्या म्हनलं, औषध सडलं. टाकून दिलं. सांगावं तर तुमी म्हनाल, बाईनं नीट ठेवलं न्हाई."

"किती दिवस झाले?"

"तीन म्हैने."

चाचांनी ती पुडी तळहातावर घेतली. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढचे नऊ दिवस त्यांनी तेवढंच एक काम केलं. प्लास्टिक पास झालं होतं, मग ओल गेली कुठून? त्यांनी आमच्या पुड्यांसारख्याच पुड्या आमच्याकडूनच करून घेतल्या. पावडरीच्या जागी तहानलेलं मीठ. त्या आषाढात ठेवून रोज वजन केलं. सपाट प्लास्टिकनं आठवड्यात जेवढी वाफ आत सोडली होती, तेवढी या पुड्यांनी एका दिवसात सोडली.

"प्लास्टिक चांगलं हाय," ते मला म्हणाले. "पुडी वाईट हाय. पण कुठं वाईट?"

ते शोधायला त्यांनी हळद आणली. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून, किंचित ओल्या असतानाच पुड्यांत घातल्या आणि पुड्या चिकटवल्या. मग नवसागर आणि चुना एका बशीत कालवला. त्याचा तो नाकातोंडात जाणारा झणझणीत वास तुम्हाला माहीत असेल. बशी आणि पुड्या एका काचेच्या हंडीखाली झाकल्या. मी तुळजापूरची. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण तो रंग नुसत्या वाफेनं येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

आम्ही सगळे हंडीभोवती उभे राहिलो. थोड्याच वेळात एका पुडीतल्या पिवळ्या पट्टीच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. मग दुसरीत, तिसरीत. प्रत्येक ठिपका जिथं तोंड चिकटवलं होतं तिथंच, कोपऱ्याशी, नाहीतर जिथं घडी पडली होती तिथं. बाकी पट्टी बराच वेळ पिवळीधमक राहिली.

"वास गेला तिथून हवा जातीच, असं म्या छातीठोक सांगत न्हाय," चाचा म्हणाले, "पण भोक कुठं हाय ते दिसलं."

"चाचा," मी म्हणाले, "त्या पुड्या मी चिकटवल्यात. मी आणि सखूबाईनं."

"चिकटवल्या तुम्ही. पास कुणी केल्या?" त्यांनी चष्मा काढला. "म्या कापडाची परीक्षा घेतली आन् सदरा पास केला. शिवण बघितलीच न्हाय."

त्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि 'प्लास्टिक पास'च्या खाली लिहिलं, 'परीक्षा अपुरी. चूक माझी. इनायतुल्ला.' एकही अक्षर चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता. दवाखाना त्यांच्याच धडपडीनं उभा राहिला होता. ते म्हणाले, "झालं ते झालं. नवीन औषध बाटल्यांतून द्या, जुन्या पुड्या गोळा करा. पण लोकांना कारण सांगू नका. औषध सडकं दिलं असं गावोगाव झालं, तर उद्या दवाखान्याची पायरी कोण चढेल? आणि रजिस्टरचं ते पान काढून टाका."

मला वाटलं, म्हणण्यात चूक काय आहे?

चाचा म्हणाले, "साहेब, गयाबाईनं तीन म्हैने औषध घेतलं न्हाय. कार्डावर मात्र घेतलं असंच हाय. अशा किती गयाबाई असतील? त्या भिऊन सांगत न्हायत. कार्डावर वर्ष भरंल, डॉक्टरसाब 'बरी झाली' म्हनून औषध बंद करतील, आन् पोटात गेलेलं असंल नऊ म्हैन्यांचं. खरं सांगितलं तरच त्या खरं सांगतील."

"आणि मंडळानं तुम्हाला काढलं तर?"

"ते तुम्ही ठरवा. कार्डं आधी दुरुस्त होऊ द्या."

पान निघालं नाही. मंडळानं चाचांना काढलंही नाही, पण दोन महिन्यांच्या सक्तीच्या रजेवर पाठवलं. रजेवर निघताना त्यांनी माझ्याकडून कार्डांची एक यादी करून मागितली, गाववार. मी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, यादी करताना मी काही पाहिलेलं नाही. आणि मागच्या खोलीत धुऊन ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या आहेत, त्यांत पावडर मी भरून ठेवलीय. त्या कुणी नेल्या तर तेही मी पाहणार नाही."

ते दोन महिने चाचा फिरत होते. एसटीनं, बैलगाडीनं, बरंचसं पायी. खांद्याला पिशवी, पिशवीत बुचं मेणानं बंद केलेल्या बाटल्या. घरोघरी जाऊन पुड्या परत घ्यायच्या, बाटली द्यायची, आणि सांगायचं.

एका रविवारी कार्डं घेऊन मीही त्यांच्याबरोबर माकणीला गेले, म्हणून ते सांगणं मला ऐकायला मिळालं. गयाबाई अंगणात बाजेवर पडली होती. चाचांनी बसायला टाकलेल्या घोंगडीवर न बसता उभ्यानंच सांगितलं की औषध सडलं ते तुमच्या ठेवण्यानं नाही. पुडीत दोष होता, आणि ती पुडी चांगली आहे असं मी लिहून दिलं होतं.

गयाबाईचा नवरा उसळला. "म्हंजी तीन म्हैने वाया गेले म्हना की! बायकू मेली असती माझी! तवा कुनाला धरलं असतं आमी?"

"मला," चाचा म्हणाले.

"तुमाला धरून काय करू?"

"काय न्हाय. खरं हाय."

नवरा बोलत राहिला. शेजारपाजारचे जमा झाले. चाचा छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. शेवटी नवराच दमला आणि ओसरीच्या कडेला बसला.

गयाबाई कोपरावर उठून बसली. "दादा, आता ही बाटली तरी खरी का?"

कुणीही 'हो' म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. चाचांनी जरा विचार केला. "आज खरी हाय. पुढच्या म्हैन्याला येतो, उघडून बघतो, मग सांगतो."

ती हसली. "मग घेते. तुमी यायच्या आत मरत न्हाई."

त्या यादीतल्या अकरा जणांनी औषध टाकून दिल्याचं कबूल केलं. अकरा कार्डं मी लाल शाईनं दुरुस्त केली आणि त्यांचं वर्ष नव्यानं मोजायला घेतलं. त्यांतले वाशीचे एक म्हातारे गृहस्थ त्या हिवाळ्यात गेले. चाचा त्यांच्या मातीला गेले होते. ते म्हातारे औषधाविना गेले की जायचेच होते, हे कुणालाच सांगता आलं नसतं. चाचांनी त्यावर कधी बोलणं काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही. बाकीचे दहा तरले. गयाबाईला दीड वर्ष लागलं. शेवटच्या तपासणीला ती आली तेव्हा डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं होतं. ओट्यावर ते उतरवून म्हणाली, "चाचा कुठायत? म्हनावं, वजन करा माझं." दवाखान्याच्या मोठ्या काट्यावर चाचांनी तिचं वजन तीनदा केलं आणि कार्डावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं.

रजा संपून चाचा परत आल्यावर सेक्रेटरींनी त्यांना काही विचारलं नाही. बाटल्यांची पद्धत मात्र कायम झाली. भीती अशी होती की माणसं यायची थांबतील. झालं उलटं. माकणीहून पूर्वी तिघं यायची, आता सातआठ येऊ लागली. 'तिथं खरं सांगत्यात' असं एकमेकांना सांगून यायची.

मी लग्न होऊन लातूरला गेले. पुढं क्षयावर नवी औषधं आली, गोळ्या चंदेरी पट्ट्यांत येऊ लागल्या. चाचा निवृत्त झाल्याचं पत्रानं कळलं. भेट व्हायची नाही.

मग बऱ्याच वर्षांनी, मे महिन्यात, माझे वडील गेले. मी तुळजापूरला माहेरी होते. चौथ्या पाचव्या दिवशी, भर दुपारी, दारात चाचा उभे. सत्तरीचे झाले होते. उस्मानाबादहून एसटीनं आले होते आणि स्टँडपासून घरापर्यंतचा चढ त्या उन्हात पायी चढून आले होते. वडिलांना ते आयुष्यात एकदाच भेटले होते, माझ्या लग्नात.

ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. ओठ सुकलेले. आईनं पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र पुढं ठेवलं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या, वहिनी." आईला वाटलं, दुःखाच्या घरात संकोच करताहेत. तिनं फुलपात्र भरून त्यांच्या हाताशी सरकवलं. मग ती वडिलांविषयी बोलायला लागली. गेल्या चार दिवसांत ती कुणाशीच बोलली नव्हती. शेवटचं आजारपण, शेवटचे शब्द, डॉक्टर उशिरा आले, सगळं. चाचा ऐकत होते. तास झाला असेल. मधे एकदाही त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, की उठायची घाई केली नाही. आई रडली तेव्हा ते म्हणाले, "रडा वहिनी. आता कोन रागावनार न्हाय." बस, एवढंच.

मग उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

आई तांब्या उचलायला वाकली. फुलपात्र भरलेलंच होतं. "अगं, एवढ्या उन्हातनं आले आणि घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाहीत," ती म्हणाली.

माझा भाऊ दारातून म्हणाला, "रमजान चाललाय, आई. रोजा असेल त्यांचा."

मी धावत बाहेर गेले. उतारावर दुसरं कुणी नव्हतं, सगळी दारं उन्हासाठी लावलेली. बऱ्याच खाली चाचा एका घराच्या सावलीच्या पट्टीत उभे होते, एक हात भिंतीवर टेकून. श्वास लागला असावा. मला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून त्यांना काय सांगणार होते? घरात या, बसा, असं म्हटलं असतं तर रोजाचं आईला समजलं हे त्यांना कळलं असतं, आणि तिला त्याची चुटपुट लागावी हेच त्यांना नको होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हात काढला, छत्री उघडली आणि स्टँडच्या दिशेनं सावकाश उतरू लागले.